मिलिंदच्या वाट्याचं गरम पाणी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता आणि आजही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बग पुन्हा करून दाखवला, तरच तो मानायचा, ही माझी नोकरी. अडचण एवढीच, की हा बग रोज सकाळी न चुकता दिसतो...

इथे अमेरिकेत, पार्सिपनीतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. विटांची जुनी बिल्डिंग, तळघरात सगळ्यांचा मिळून एक बॉयलर. घराचं हीटिंग त्याच्यावर आणि नळाचं गरम पाणीही त्याच्यावरच. आमच्यापर्यंत येता येता ते कोमट व्हायचं. ज्याला हवा त्याने आपल्या फ्लॅटपुरता वेगळा वॉटर हीटर बसवावा, अशी परवानगी होती. पण माझा नवरा मिलिंद म्हणायचा, ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू. नवा सोफा, दुसरं मूल, हीटर – आमच्याकडे सगळंच ग्रीन कार्डनंतर होणार होतं.

२००४ मध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या. शॉवर त्यांना कधी जमला नाही. टबात प्लॅस्टिकचं स्टूल, बादली आणि तांब्या, अशी त्यांची आंघोळ. थंडी सुरू झाली तसं ते कोमट पाणी त्यांच्या गुडघ्यांना सोसेना. मग त्या गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी तापवायच्या आणि फडक्याने धरून बाथरूमपर्यंत न्यायच्या. मी घरात असले तर ते हातातून काढून घ्यायचे. मिलिंद लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणायचा,

"आई, कार्पेटवर सांडू नकोस हं."

नरकचतुर्दशीला त्यांनी पहाटे उठून त्याला तेल लावलं, उटणं लावलं आणि तापवलेलं सगळं पाणी त्याच्या अंगावर घातलं. मी म्हटलं, आई, तुमच्यासाठी थोडं ठेवा.

"माझं काय गं, मी घेईन की नळाचं," त्या म्हणाल्या.

सहा महिन्यांनी त्या परतल्या आणि दीड वर्षाने पुण्यातच वारल्या. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकेल, रिस्क नको, असं वकिलाने म्हटलं म्हणून मिलिंद अंत्यदर्शनालाही गेला नाही. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रीन कार्ड आलं आणि साहेबांनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर हीटर बसवला! मला भयंकर संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शॉवरखाली गेला आणि ओरडतच बाहेर आला. पाणी बर्फासारखं गार. मी गेले, तर मस्त कढत. तो परत गेला, पुन्हा गार. आमची ईशा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आंघोळ झाली, ती डोकं पुसत म्हणाली, "बाबा, इट्स फाइन. यू आर जस्ट बीइंग ड्रामॅटिक."

प्लंबर आला. त्याने व्हॉल्व्ह बदलला, थर्मोस्टॅट बदलला. त्याच्या हातावर पाणी कढतच येत होतं. मिलिंदने शेजारी हात धरला मात्र... मी स्वतः बोट घालून पाहिलं, पाणी गार पडलं होतं. मिलिंदने हात मागे घेतला आणि जरा वेळाने नळातून पुन्हा वाफ यायला लागली. प्लंबरने हत्यारं गोळा केली आणि बिल न करताच निघून गेला. नंतर आम्ही हीटर बदलून दुसऱ्या कंपनीचा आणला, तरी तेच.

मिलिंदची मावशी फोनवर म्हणाली, ताईचा जीव अडकलाय, शांत करून घ्या. मला ते अजिबात पटत नाही. सगळंच्या सगळं कढत पाणी ज्याच्या अंगावर घातलं, त्या लेकाला गारठवणारी बाई ती नव्हे. मग हे करतंय कोण? टेस्टर म्हणून माझ्याकडे उत्तर नाही आणि सून म्हणून, खरं सांगते, मला ते शोधायचंही नाही.

आता मिलिंद रोज सकाळी आईंच्याच पातेल्यात पाणी तापवतो. गॅसवर तापवलेलं तेवढं गरम राहतं. पातेलं जड आहे, फडकं सारखं निसटतं. मी डायनिंग टेबलाशी चहा घेत असते. उठत नाही. तो पॅसेजमध्ये शिरला, की एवढंच म्हणते,

"कार्पेटवर सांडू नकोस हं."