दमल्यावर पूर्ण वाक्य

मी इंग्रजी शिकले ते फक्त धाप लागण्यापुरतं. (शाळा चौथीपर्यंत; त्या मानाने पुष्कळ झालं.)

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचे मालक मिलिटरीत हवालदार. सुट्टीवर आले आणि म्हणाले, "आवंदा तुला क्वार्टरवर न्यायचं हाय. पर क्वार्टर डोंगरावर. साहेबांच्या बायका चढावर भेटत्यात. तिथं तू 'आई गं' म्हणालीस तर माझी काय इज्जत? इंग्रजी आलं तरच न्हेतो!"

मला सासूच्या चुलीपासून सुटायचं होतं. मी फारसीसुद्धा शिकले असते!

फौजेत शिपाई, नाईक, हवालदार. तशी त्यांनी धापेलाही बढती दिली होती. थोडं दमलं की 'टायर्ड'. तोंड उघडं पडलं की 'पँटिंग'. बोलणं सुचेना की 'आऊट ऑफ ब्रेथ'. शेवटी 'ब्रेथलेस'.

"आणि त्याच्या वर?"

"त्याच्या वर वैकुंठ!"

रोज उसाच्या बांधावरून विहिरीवरच्या मोटरीच्या खोपीपर्यंत पळायचं, परत यायचं आणि पूर्ण वाक्य बोलायचं. नऊवारीत! शेजारच्या काकू यांच्यावर ओरडल्या, "आरं, मारतुयास का काय तिला?"

"न्हाई काकू, शिकवतुय!"

"आसलं कसलं रं शिकवणं?"

जायच्या दिवशी मिरजेला रेल्वे गाठायची होती. मी पुढं जाऊन फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी; हे ट्रंक घेऊन मागून येणार होते. ती नेमकी लवकर आली! कंडक्टरला थांबवून मी जीव तोडून घराकडे पळाले. हे दारात, ट्रंकेवर बसून मिशीला पीळ देत होते.

"य... य..."

"इंग्रजीत!"

"आवं, य..."

"पूर्ण वाक्य! आय ॲम..."

"आय... ॲम..." पुढचं पाठ होतं, पण म्हणायला वारा नव्हता. (ते शब्द करणारा गोरा कधी पळाला नसावा!)

"शाबास! आऊट..."

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला आणि धुरळा उडाला.

"यष्टी गेली व्हय?"

मी मान हलवली. मान हलवायला इंग्रजी लागत नाही.

मग हवालदारसाहेब ट्रंक डोक्यावर घेऊन आडवाटेने पुढच्या वळणाकडे सुटले, मागून मी. एस.टी. अडवून ते आत जाऊन कोसळले.

कंडक्टर म्हणाला, "काय झालं, फौजी?"

"मेलो गं आय!"

मी म्हणाले, "पूर्ण वाक्य! इंग्रजीत!"

सगळी एस.टी. हसली. मिरजेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, पण नेलं मला.

आता ते नाहीत. ओसरीची पायरी चढले तरी मला धाप लागते. नात विचारते, "आजी, काय होतंय?" चारही शब्द अजून हुद्द्याप्रमाणे पाठ आहेत. म्हणायला दम कुठाय? मी आपली मान हलवते!