प्लग मुठीत अन् दिवा पेटलेला

सर्किटला डाख देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, राळेचा धूर नाकात गेला, की मला पूर्णेकडच्या आमच्या शेतातली विहीर आठवते. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली, आणि पाण्यातली मोटर आपोआप चालू करणारं सर्किट मी स्वतः बनवून विहिरीवरच्या पेटीत बसवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. दुपारी माझे वडील, आबा, मोटरीत अडकलेला गाळ काढायला विहिरीत उतरले, म्हणून मी सर्किटचा प्लग काढून मुठीत धरला. उन्हात पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. सहज पेटीत पाहिलं, तर सर्किटच्या बोर्डावरचा लाल दिवा पेटलेला. लाईट नाही, प्लग माझ्या मुठीत, आणि दिवा जळतोय! "आबा, वर या!" मी ओरडले. "थांब की, गाळ काढायलोय." "आधी वर या म्हणते ना!" "इंजिनेर बाई लय भित्री हाय," असं पुटपुटत ते पायऱ्या चढून काठावर आले, अन् खाली मोटर गुरगुरली. लाईट आली होती. मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसल्यामुळं प्लग काढूनही मोटर सुरू झाली, हे मी नंतर शोधून काढलं. जुनी केबल, ओले हात. आबा शॉकनं जागीच गेले असते. "तुला कसं कळलं गं?" त्यांनी हळूच विचारलं. मी पेटीकडं बोट केलं, तर दिवा विझलेला. तो कशानं पेटला, ते मला आजवर सापडलेलं नाही. आता बोर्डावर बसणारे प्लग डिझाइन करणं हीच माझी नोकरी आहे. कंपनीत विचारतात, "मॅडम, प्लगपाशी हा लाल दिवा कशाला? गरज नाही त्याची." मी म्हणते, असू द्या.