दोन अँटेना, एक टीव्ही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरची माणसं सांगतीलच, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

उमेळे गावात आमच्या घरापुढे नारळांची दाट रांग होती. रंगीत टीव्ही यायच्या आधीचे दिवस. मुंबईहून निघालेलं चित्र आमच्या कौलांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जीव जायचा. बांधापलीकडे चुलतभावाचं घर उंचावर होतं. त्याच्या अँटेनावरून एक चपटी वायर त्याने आमच्याकडे सोडली होती. वाडीत तशी पद्धतच होती, ज्याचं छप्पर उंच त्याने मागच्या घराला लाइन द्यायची. मी त्याला दादा म्हणायचो. पण न मागता लाइन देतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला पहिल्यापासून वाटायचं.

त्या वर्षी बहिणीचं पत्र आलं. ती सिस्टर झालेली, नागपूरकडच्या मठात. पाच वर्षांत घरी आली नव्हती. तिचं गाण्याचं पथक मुंबईत येऊन रेकॉर्डिंग करून तसंच परत गेलं, तिला घरी यायची परवानगी मिळाली नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते टीव्हीवर दिसणार होतं. आईचं अर्धं अंग लुळं पडलेलं, खाट सुटत नव्हती. "एकदा डोळ्यांनी बघीन तिला," एवढंच ती रोज म्हणायची. दुसरं काही तिला नकोच होतं.

त्या दिवशी दादाच्या एकट्या लाइनवर विसंबायचं नाही, म्हणून मी कंबर कसली. आमच्याही छपरावर उंच पाइप, सिग्नल वाढवणारा बूस्टर, नवी अँटेना. दादाची वायर होतीच. दोन बैल जुंपले की नांगर जोरात चालणार, असं मनाशी म्हणत दोन्ही वायरी टीव्हीमागच्या त्याच दोन स्क्रूंना पिळून बसवल्या. आणि बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं आली. मध्येच ती सगळीच पुसट व्हायची. एका अँटेनावर बरं दिसत होतं, दोन झाल्यावर बिघडलं? माझ्या मनात पाल चुकचुकली. आदल्याच दिवशी भर दुपारी दादाला पक्कड घेऊन छपरावर चढताना मी पाहिलं होतं. आमची नवी अँटेना त्याला खुपली असणार. वहिनी बांधावर भेटली की तिच्या हसण्यातही मला काहीतरी दिसायला लागलं.

बघू तरी, म्हणून दादाची वायर स्क्रूवरून काढली. चित्र लख्ख! परत जोडली, परत दोन नाकं. आणखी कसला पुरावा हवा? मी तडक बांधावर गेलो, त्याच्यादेखत वायर कापली आणि तिचं भेंडोळं त्याच्या अंगणात भिरकावलं.

"अरे, कावळे बसून बसून अँटेना सैल झालेली, मी घट्ट केली," तो म्हणाला.

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. चारचौघं बघत होती.

ती संध्याकाळ आली. आईला नवं लुगडं नेसवलं, पाठीशी उशा लावून बसवलं. कार्यक्रमाला दहा मिनिटं राहिली असताना वीज दोनदा गेली-आली आणि बूस्टर जळाला. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाज तेवढा येत होता. मी छपरावर पाइपाशी झोंबत होतो आणि बायको आतून सांगत होती, "नाही, काहीच नाही."

दादा बांधाशी आला. "काकीला खुर्चीत बसवून आमच्याकडे नेऊ या का? स्वच्छ दिसतंय."

मला वाटलं, हा लाजवायला आलाय. "नको," म्हणालो, "होईल आमचं ठीक."

झालं नाही. आई त्या मुंग्यांकडे टक लावून गाणं ऐकत बसली. "यातला तिचा आवाज कुठला रे?" तिने विचारलं. सगळ्या एका सुरात गात होत्या.

नव्या वर्षात तुळिंजहून मेकॅनिक आला. मी त्याला दादाची करणी ऐकवली, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "दोन्ही अँटेना चांगल्या आहेत. पण एकीचा सिग्नल आधी पोचतो, दुसरीचा लांब वायरीतून मागाहून. नुसत्या पिळून जोडल्या की एकमेकींना मारतात. बरी दिसेल ती लावायची आणि दुसरी राखून ठेवायची, पहिली गेली तर असावी म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दादाकडे जायला पाय उचलेना.

पावसाळ्याआधी आई गेली. मयताला बहिणीला परवानगी मिळाली. रात्रभर प्रवास करून आलेली ती पोर आईच्या खाटेवर बसली आणि तिने मला विचारलं, "नाताळात आईने मला टीव्हीवर बघितलं ना रे?"

शेजारी वहिनी उभी होती. ती म्हणाली, "बघितलं तर. अगदी स्वच्छ दिसलीस. तुझ्या भावाने त्यासाठी मुद्दाम अँटेना बसवली होती."

मी वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिलो, यात हिचा काय डाव आहे ते शोधत. काही सापडलं नाही, तेव्हा मागच्या विहिरीवर जाऊन ढसाढसा रडलो.