मऊ टोकाची गोळी

"या गोळ्या आज झाडायच्या नाहीत," म्हणत जाधव मॅडमनी माझी पाचही काडतुसं परत माझ्या तळहातावर ठेवली.

आम्ही अंथुर्ण्यातल्या एका उसाच्या फडाच्या बांधावर उभे होतो. मी फौजेत आर्मोरर होतो, म्हणजे युनिटची हत्यारं दुरुस्त करणारा. रिटायर झाल्यावर बारामती एमआयडीसीत एका कंपनीची सिक्युरिटी बघतो. लायसनची रायफल आहे. माणसांवर धावणारं रानडुक्कर मारायची रीतसर परवानगी निघाली की वनखातं मला बोलावतं. जाधव मॅडम तिथल्या रेंजर. वयाने माझ्या मुलीएवढ्या.

ऊस तुटत जातो तशी आतली जनावरं उभ्या उसात मागे सरकतात. शेवटी मधे एक तुकडा उरतो आणि सगळं त्यात गोळा होतं. या तुकड्यात एक मोठा नर होता. आदल्या दिवशी त्याने तोडणीवरच्या एका बाईची मांडी सुळ्याने फाडली होती. टोळी फडात पाय टाकायला तयार नव्हती.

"मॅडम, ही टणक गोळी आहे," मी म्हणालो. "शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच. नराच्या खांद्यावर जाड चामड्याची ढाल असते. ही ती फोडून आत जाते."

"आणि मग?"

"मग काय? आरपार."

"आरपार जाऊन पुढे कुठे?"

मी समोर बघितलं. डोंगर नाही, टेकाड नाही. सपाट रान, ऊस, त्याच्यामागे ऊस.

"मऊ टोकाची आणा," मॅडम म्हणाल्या. या गोळीच्या टोकाला शिसं उघडं असतं. मांसात शिरली की कापसाच्या बोंडासारखी उमलते, सगळा जोर आतच खर्च करते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते.

"ती ढालीवरच फुटली तर? जखमी डुक्कर माझ्या अंगावर येईल, तुमच्या नाही."

"मग खांदा सोडा. त्याच्या मागे मारा. तो आडवा उभा राहीपर्यंत थांबू आपण."

मऊ टोकाची काडतुसं बारामतीला घरी, कपाटात. परत बारामती, परत अंथुर्णे. वाटेत गाडीत एकट्यानेच मी मॅडमना उद्देशून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्य हत्यारांत गेलेल्या माणसाला काल नोकरीला लागलेली पोरगी गोळी शिकवते, असा एकंदर सूर होता.

परत आलो तेव्हा फडाचे मालक किसनतात्या लिंबाखाली माणसं मोजत होते. सत्तरीचा माणूस, पण आवाज कर्ण्यासारखा. टोळीतल्या एकेकाला नावाने हाक मारायची, त्याने हात वर करायचा. पोरंबाळंसुद्धा सुटली नाहीत.

"समदी हायेत, मॅडम," तात्या म्हणाले. "फडात आता डुकराबिगार कोन न्हाय. बिनघोर मारा."

मॅडमनी सोबतच्या फॉरेस्ट गार्डला फटाके लावायला सांगितले. मी बांधावर बूड टेकलं, गुडघ्यावर कोपर टेकवलं. फटाके वाजले. ऊस सळसळला, थांबला, पुन्हा सळसळला. असा अर्धा तास गेला. आणि नर कडेला येऊन आडवा उभा राहिला. साधारण चाळीस पावलांवर. खांद्याच्या मागची जागा स्वच्छ दिसत होती. मी श्वास रोखला आणि ट्रिगर दाबला.

जागेवर बसला तो. उठला नाही.

लिंबाखाली शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात डुकराच्या मागच्या उसातून आवाज आला, "आरं, झालं का न्हाय तुमचं? हितं पानी तुंबलंया!"

ऊस बाजूला सारत किसनतात्या बाहेर आले. खांद्यावर फावडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आवाज आला तेव्हा ते डुकरामागे पंधरा पावलांवर होते. माझी बंदूक, डुक्कर आणि तात्या, तिन्ही एका रेषेत.

मी रायफलीचं तोंड जमिनीकडे केलं. उरलेली काडतुसं काढून घेतली.

"तात्या, तुम्ही तिकडं कसे?" मी विचारलं.

"लाईट आली की!" तात्या म्हणाले. "पाटाकडं मोटर चालू केली, म्हनलं पलीकडच्या उसाला दारं मोडून पानी देऊन यावं. दिवसाची लाईट काय रोज येती व्हय?"

"आणि माणसं मोजली ती?"

"मोजली की समदी. म्या हाय हे म्हायीत हुतंच की मला."

दिवसा थ्री-फेज लाईट आली की या भागातला शेतकरी भरल्या ताटावरून उठून मोटरीकडे पळतो. डुक्कर, बंदूक, परवानगी, सगळं नंतर. मी इथलाच. मला हे कळायला हवं होतं.

संध्याकाळी सरकारी डॉक्टरांनी डुक्कर उघडलं. गोळी पलीकडच्या बाजूला, कातडीच्या आत अडकली होती. चपटी, उमललेली. बाहेर पडायला एका कातडीचं अंतर राहिलं होतं. पंचनाम्यात नोंद होऊन ती पाकिटात गेली, पण त्याआधी मी ती हातात घेऊन बघितली. सकाळची टणक गोळी असती तर ती डुकरात थांबलीच नसती.

मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. फौजेत असतो तर सॅल्यूट केला असता. इथे हात जोडले.

"मॅडम, गाडीत मी तुम्हाला बरंच काही बोललो. ते परत घेतो."

"मला कुठे ऐकू आलं?" त्या म्हणाल्या. "आणि तात्यांना मोजायचं माझ्याही डोक्यात आलं नाही, काका."

किसनतात्यांचा अजून अधूनमधून फोन येतो. तोडणी, पाऊस, गुडघे, असं काहीबाही बोलतात. मी मुकाट्याने सगळं ऐकतो. तो आवाज ऐकायला मिळतो हेच माझं नशीब, आणि ते मला मॅडमनी दिलं.

टणक गोळ्या मी रीतसर जमा करून टाकल्या. आता कुठल्याही फडावर गेलो की रायफल पिशवीतून काढायच्या आधी दोन गोष्टी विचारतो. जनावराच्या पलीकडे काय आहे? आणि आज लाईट किती वाजता येणार आहे?