पाळकबाबांचा डबा

अहमदपूरच्या बसस्टँडमागं पत्र्याचं एक लहानसं चर्च आहे. तिथले पाळक निवृत्ती यांची बायको वारली तेव्हापासून मंडळीनं एक रीत घातली होती. दर रविवारी एकेका घरून त्यांना डबा जायचा. नोकरदारांच्या बायका पुलाव नि खीर पाठवायच्या. यशोदाबाईच्या डब्यात मात्र ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विधवा बाईकडून दुसरं काय येणार! पण पाळकबाबा म्हणायचे, "यशोदाबाई, तुमच्या वाराची मी वाट बघत असतो." तेवढ्या एका वाक्यावर ती पुढचा वार येईपर्यंत खुशीत असायची.

देवाच्या खालोखाल ती त्यांनाच मानायची, आणि त्याला कारण तसंच होतं. नवरा किशन गेला तेव्हा भावकी म्हणाली, "धर्म सोडला ना? मग तुमचं तुम्ही बघा." मातीला कुणी फिरकलं नाही. या माणसानं भर उन्हात बाह्या सारल्या, कुदळ घेतली आणि किशनची कबर खणली. हाताला फोड आले. तोच हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "मी आहे." तेव्हापासून दर उपासनेनंतर ती त्यांच्यापुढं मान वाकवायची. हात डोक्यावर आला की तिला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

अशा माणसाला गेल्या महिन्यात पोलिसांनी नेलं.

चर्चमध्ये गाणी म्हणणाऱ्या दीपालीनं तक्रार दिली होती. कॉलेजात शिकणारी पोरगी. सरावाच्या निमित्तानं पाळक तिला एकटीला थांबवून घ्यायचे, अंगाला हात लावायचे, फोनवर नको ते पाठवायचे. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. त्यांना जीपमध्ये बसवतानाचा व्हिडिओ बघता बघता गावभर झाला. ज्यांनी चर्चची पायरी कधी पाहिली नव्हती, त्यांनाही आतलं सगळं ठाऊक होतं. आणि मंडळीनं काय करावं? उपास-प्रार्थना ठेवली आणि देवाकडं त्या पोरीलाच सुबुद्धी मागितली! भल्या माणसांची अक्कल कधी गुडघ्यात जाईल, सांगता येत नाही.

यशोदाबाईच्या तोंडून मात्र त्या दिवशी 'आमेन' निघालं नाही. एकदा सरावानंतर दीपाली चर्चच्या भिंतीला धरून उभी दिसली होती. ओढणीनं डोळे पुसत होती. "काय झालं गं?" विचारलं, तर म्हणाली, "डोळ्यात धूळ गेली." ती धूळ आता यशोदाबाईला स्वस्थ बसू देईना.

पाळक जामिनावर घरी आले, आणि येता रविवार नेमका तिच्या डब्याचा. काही बायका म्हणाल्या, "खबरदार नेलास तर." काही म्हणाल्या, "नेलाच पाहिजे, बिचाऱ्याला फसवलंय." तिनं कुणाचंच ऐकलं नाही. ती दीपालीकडं गेली.

दीपाली दारातच उभी राहिली. "काकू, तुमी बी मलाच समजावायला आल्या का?"

"न्हाई लेकरा. तू खरं बोलायलीस. म्या तवाच इचारायला पायजे व्हतं नीट."

पोरगी तिच्या गळ्यात पडून रडली. बऱ्याच वेळानं यशोदाबाई म्हणाली, "उंद्या त्येंच्या डब्याचा वार माझा हाय. तू न्हाई म्हन, न्हाई नेत."

दीपालीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "उपाशी नका ठिवू. पण काकू, डबा गेला की त्यांना वाटंल, तुमी त्यांच्या बाजूनं हायत."

"तसं वाटू देणार न्हाई म्या."

रविवारी ती भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डबा घेऊन गेली. पाळकबाबांची दाढी वाढली होती, गाल बसले होते. तिला बघून त्यांचे डोळे भरून आले. "यशोदाबाई, तुमचा तरी विश्वास आहे ना माझ्यावर?"

तिला भडभडून आलं. नुसतं हो म्हटलं असतं, तर तिचं माहेर तिला परत मिळालं असतं.

"न्हाई, बाबा," ती म्हणाली. "पोरगी खरं बोलली. आता तुमी बी खरं बोला, कोर्टात आन् मंडळीपुढं. माझ्या किशनला तुमी माती दिली, ते म्या मरस्तोवर इसरणार न्हाई. माझ्या वाराला डबा येत जाईल. पण चर्चात म्या दीपालीच्या शेजारी बसणार."

जुन्या सवयीनं त्यांचा हात तिच्या डोक्याकडं उचलला गेला. तिची मानही सवयीनं वाकायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली.

तिनं तो हात वरच्या वर धरला, हळूच खाली आणला आणि त्यात डब्याची कडी दिली.

"भाकरी गरम हाय, जेवून घ्या," म्हणून ती माघारी वळली. किशन गेला त्या दिवशीसुद्धा ती इतकी पोरकी झाली नव्हती.