मावशीचे आठ तास

आमच्या बँकेत अंदाजपत्रकाचा महिना सुरू झाला की भलीभली माणसं खरं बोलणं थांबवायची. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

मध्यवर्ती बँक म्हटलं की लोकांना नोटा छापणारी बँक आठवते. आमची ती नव्हे. आमची सहकारी, खेडोपाडी शाखा असलेली. पण नावात 'मध्यवर्ती' होतं, त्यामुळे माझ्या सासरवाडीत बरीच वर्षं समज होता, की नोटेवर सही करणाऱ्या साहेबाच्या खालोखाल जावईबापूच. मी तो समज दूर करायचा मनापासून प्रयत्न करणार होतो, पण सासरी वेळ कमी मिळायचा.

मी होतो येलदरीच्या वाटेवरच्या एका शाखेत कारकून. शाखा म्हणजे दोन खोल्या, एक शटर, एक तिजोरी. पुढच्या वर्षी काय लागणार, किती माणसं, किती पगार, किती झाडू, किती कागद, हे दरवर्षी मुख्यालयाला लिहून पाठवावं लागे. त्याची रीत ठरलेली. सहा झाडू लागत असतील तर बारा लिहायचे. मुख्यालय डोळे मिटून निम्मे कापणार आणि बरोबर सहा येणार. आपण दुप्पट लिहितोय हे त्यांना माहीत, ते निम्मं कापणार हे आपल्याला माहीत. इतका परस्पर विश्वास मी नवरा-बायकोतसुद्धा पाहिलेला नाही.

हे लिहायचं काम माझ्याकडे, कारण आमच्या मॅनेजर साहेबांच्या मते मला 'शब्द सुचतात'. एका वर्षी मी पंख्याची गरज मांडताना लिहिलं होतं, की मे महिन्यात शाखेतली शाई पॅडवर उकळते आणि शिक्का मारला की कागदातून वाफ निघते. दोन पंखे मागितले, एक आला. रीत चालू होती.

शाखेत तिसरं महत्त्वाचं माणूस म्हणजे मावशी. झाडलोट, पाणी, टपाल, सगळं त्यांच्याकडे. सोळा वर्षं त्या काम करत होत्या, पण बँकेच्या लेखी त्या नव्हत्याच. त्यांचे पैसे 'किरकोळ खर्च' या सदरातून निघायचे. वर फिनेल, खाली सुतळीचा गठ्ठा आणि मधे मावशी.

त्या वर्षी परिपत्रक आलं. किरकोळ खर्चातून माणसांना पैसे देणं एक एप्रिलपासून बंद. मात्र एखाद्या शाखेत अशा माणसाला रोज चार तासांचं काम आहे असं दाखवता आलं, तर त्याचं नाव मंजूर पदांच्या यादीत, 'अंशकालीन कर्मचारी' म्हणून लागेल. पगार नीट, सदर वेगळं, रजा वेगळी. नाही दाखवता आलं तर राम राम.

मी मावशीला विचारलं, "मावशी, दिवसातून किती तास काम करता?"

"मला काय घड्याळ बांधून दिलंय का भाऊ? सकाळी येते. सरलं की जाते."

मग मीच खुर्चीत बसून हिशोब मांडला. झाडणं एक तास. पाणी एक तास. टपाल अर्धा. चहा, इकडचं तिकडचं, धरून दीड. बेरीज बरोबर चार. माझा जीव भांड्यात पडला. आता चार मिळवायचे तर लिहायचे किती? आठ. पहिलीतलं पोरगंही सांगेल.

आठ तास भरायचे म्हणून मी लेखणी मोकळी सोडली. मावशी रोज एवढं पाणी आणतात की येलदरीच्या धरणावर पातळी मोजणारा गोंधळतो, असं लिहिणार होतो, पण साहेबांनी तेवढं वाक्य खोडलं. बाकी सगळं गेलं. साहेबांची सही, शिक्का, पाकीट.

आणि नेमक्या त्याच वर्षी मुख्यालयात नवे वरिष्ठ आले. त्यांना रीत कुणी सांगितलीच नाही. त्यांनी वाचलं, खरं मानलं आणि एक दांडीसुद्धा न कापता सगळं मंजूर केलं.

आधी टेम्पो आला. बारा झाडू, आठ बादल्या, आणि फिनेल इतकं की पहिला डबा उघडल्यावर गावातल्या माश्या बिऱ्हाड उचलून बोरीला राहायला गेल्या. साहेब एक दिवस फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. शाखेत आठ तासांचं काम असल्याचं मान्य. आठ तासांचं काम अंशकालीन होत नाही, सबब पूर्णवेळ शिपायाचं पद मंजूर. पद जाहिरातीने भरावं. शिक्षण दहावी, वय अमुकच्या आत. सध्याची व्यवस्था मार्चअखेर बंद करावी.

सध्याची व्यवस्था म्हणजे मावशी. शिक्षण चौथी. वय विचारलं तर "पोरीच्या पोरीला दात आलेत" एवढंच सांगणार.

"हे काय करून ठेवलंत हो?" साहेब म्हणाले.

"साहेब, सही तुमची आहे."

"सही माझी. डोकं कुणाचं?"

मी पत्राची मागची बाजू वाचायला घेतली. ती कोरी होती.

मावशीला सांगायचं कुणी यावर आमचे दोन चहा झाले. ते चहा मावशीनंच आणून दिले. शेवटी मीच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपबशा उचलल्या आणि दारात थांबल्या.

"म्हंजी माझं काम जास्ती भरलं म्हनून मला काढायलेत?"

"तसं नाही मावशी..."

"मग कसं?"

मी बोलण्यात हरलो ही गोष्ट माझ्या गावी, चारठाण्यात कळली असती, तर लोकांनी पेढे वाटले असते.

घरी वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही बौद्ध. लहानपणी मी थाप मारली की वडील मारायचे नाहीत, पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हणायला लावायचे. थापेला दहा वेळा, असा दर होता. बाकीची चार शीलं मला वंदनेत इतरांबरोबर येतात, चौथं मात्र झोपेतही येतं. त्या रात्री मी मुख्यालयाला कबुलीचं पत्र लिहायला बसलो. आठ तास हा आकडा मी रीतीप्रमाणे फुगवला, प्रत्यक्षात काम चार तासांचंच आहे, कृपया निम्मं कापावं. एवढं साधं पत्र लिहायला मला अख्खं अंदाजपत्रक लिहिण्याइतका वेळ लागला.

मुख्यालयातून साहेबांना फोन आला. "अहो, शाखा कमी करून मागते आहे? यासाठी आमच्याकडे नमुनाच नाही!" मग ठरलं, की एक अधिकारी येईल, दिवसभर शाखेत बसेल आणि घड्याळ लावून मोजेल.

आदल्या दिवशी मी आणि साहेबांनी मावशीला समोर बसवलं.

"मावशी, उद्या सावकाश घ्या," साहेब म्हणाले. "चार तास झाले की घरी जा. पाचवा तास दिसता कामा नये."

"काहून?"

"चार भरले तर तुमची नोकरी राहते. आठ भरले तर जाते."

"सोळा वर्स झटपट करा म्हनले. आता सावकाश करा म्हनायलेत." त्या उठल्या. "बरं. करते बापा सावकाश."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर, साडेनऊला पोचलो. अधिकारी आलेल्या होत्या. तिशीतल्या मॅडम, मांडीवर वही, माठाशेजारी स्टूल टाकून बसलेल्या. जिंतूरला मुक्काम करून पहिल्या एस.टी.ने आल्या होत्या म्हणे. वहीत मी हळूच डोकावलो. साडेआठपासून नोंदी होत्या. शटर, झाडणं, पुसणं, हापशाच्या चार खेपा. मी यायच्या आधी शाखेत एक तास जातो हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं शटर सकाळी आपोआप उघडतं.

मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या आणि सावकाश करायचं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. बघायला कुणीतरी मोठं माणूस आलंय म्हटल्यावर खिडकीचे गजसुद्धा पुसले. मी जवळून जाताना पुटपुटलो, "मावशी, हळू."

"हळूच करायले की भाऊ. आणखी किती हळू करू, निजू का?"

साडेबाराला मी खूण केली. चार तास झाले होते. "मावशी, झालं ना तुमचं? जा आता."

"जाते," म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्यासुद्धा. तेवढ्यात खिडकीशी एक म्हातारी आली. तिला पगारीचे, म्हणजे सरकारी निराधार योजनेचे पैसे काढायचे होते. आमच्याकडे अंगठ्याचं यंत्र आहे. कापूस वेचून वेचून तिच्या अंगठ्याच्या रेघा उडालेल्या. यंत्र लाल दिवा दाखवायला लागलं. एकदा, दोनदा, चारदा.

मी म्हटलं, मी बघतो. तिचा अंगठा धरून यंत्रावर दाबला. लाल. जोरात दाबला. लाल. म्हातारी ओरडली, "आरं, मोडतूस का बोट!" मागे रांग वाढायला लागली. रांगेत सगळ्यांचे अंगठे तसलेच.

मावशी शटरपर्यंत गेल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आल्या. कोपऱ्यातून गरम पाण्याची वाटी आणि फडकं घेतलं, म्हातारीचा हात मांडीवर घेऊन अंगठा भिजवला, पुसला, कोरडा केला, किंचित तिरपा टेकवला. हिरवा.

"बस आजी. आता दम खा. पैसे मोजून घे, अन् पोराच्या हातात देऊ नको."

रांगेतली पुढची बाई आपण होऊन मावशीसमोर हात पसरून बसली.

त्या दिवशी मावशीने किती अंगठे लावले ते मी सांगत नाही, मी सांगितलेला आकडा कुणी मानत नाही. मॅडमच्या वहीत आहे. त्यातच एकाला पासबुक वाचून दाखवलं, दोघींना चुकीच्या खिडकीवरून बरोबर खिडकीवर आणलं, एक शेळी हाकलली. हे काम अंदाजपत्रकात नव्हतंच. मी लिहिलेलं पाणी आणि थापा सोडल्या, तर त्यात मावशी कुठेच नव्हत्या. मी खुर्चीतून जेवढं दिसतं तेवढं मोजलं होतं आणि माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून आहे.

साडेपाचला मॅडमनी वही मिटली. "जेवणाचा वेळ सोडून आठ तास दहा मिनिटं."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत दोन इंच खचलो.

"तुमचं अंदाजपत्रक खरं निघालं," मॅडम मला म्हणाल्या, "आणि कबुली खोटी. आता कारवाई कशावर करू ते तुम्हीच सांगा."

मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेलो होतो. म्हटलं, "मॅडम, जी लहान असेल तिच्यावर."

त्या हसल्या नाहीत. मावशीकडे वळल्या. "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मला माजं काम पायजे, मॅडम. चार तासाचं म्हनत असाल तर चारच तास करीन. आठाचं म्हनत असाल तर आठाचे द्या. आठ करून घ्यायचे अन् चाराचे बी किरकोळात द्यायचे, ते आता न्हाई."

मॅडमनी वही परत उघडली आणि बराच वेळ लिहीत बसल्या. जाताना म्हणाल्या, की पूर्णवेळ शिपायाऐवजी चार-चार तासांची दोन अंशकालीन पदं सुचवते. त्याला जाहिरात लागत नाही, दहावी लागत नाही, सोळा वर्षांचं काम पुरतं. मात्र एका माणसाला एकच पद. आणि मला स्वतंत्रपणे बजावलं, की पुढच्या वर्षी लागतील तेवढेच झाडू लिहा.

मार्चचे शेवटचे दिवस मावशी रोज टपाल उघडायच्या आधी पाकिटं हातात घेऊन उलटीपालटी करायच्या. वाचता येत होतं तेवढं वाचायच्या. मार्च संपायला तीन दिवस असताना आदेश आला. एक पद मंजूर, मावशीच्या नावाने. दुसरं विचाराधीन. साहेबांनी आदेश मोठ्याने वाचला. मावशीने तो घेतला, स्वतःचं नाव बोटाने शोधलं, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. "चहा करते," म्हणाल्या. आम्ही म्हटलं, आज आम्ही मागवतो.

मग प्रश्न आला, चार तास कोणते. साहेबांना सकाळ हवी होती. झाडणं, पाणी, शटर.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "साडेधा ते अडीच. तवा अंगठेवाले येतेत. झाडायला कुनी बी येईल, अंगठे लावायला कोन येतंय?"

"मग झाडणार कोण?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांनीही.

तर सध्या दुसरं पद विचाराधीन आहे आणि मी साडेआठला शाखेत असतो. शटर आपोआप उघडत नाही, आणि हापसा नवख्या माणसाला ओळखतो. साडेदहाला मावशी येतात, चपला दाराबाहेर काढतात, आदेश असलेली पिशवी खुंटीला अडकवतात आणि फरशीवरून एकदा नजर फिरवतात.

"भाऊ, कोपरे ऱ्हायलेत."

मी परत झाडू घेतो. नवा कोरा असतो, झाडूंची आमच्याकडे कमी नाही.