निघोज्याच्या जलपर्णीत

मी मूळची बीडकडची. आमच्या गावच्या नदीला वर्षातले आठ महिने पाणी नसायचं. तिच्या पात्रात आम्ही शेळ्या चारायचो. पाण्याची भीती मला महाळुंग्याला नोकरी लागल्यावर कळली. कंपनीतलं सांडपाणी तपासणं हे माझं काम. नमुन्याच्या बाटलीतल्या पाण्यात काय काय असू शकतं ते मला माहीत आहे, म्हणूनच इंद्रायणीच्या काठावर उभं राहिलं की माझी पावलं आपोआप मागे जातात.

तरी दर रविवारी सकाळी मी इंद्रायणीकाठच्या निघोज्याला जायचे. नदीवरची जलपर्णी काढायला आम्ही दहा-बारा जण जमायचो. आमचे म्होरके होते गावातले एक म्हातारे भोई. मी त्यांना मामा म्हणायचे. पूर्वी ते इथे मासे धरायचे. मासे गेले, होडी राहिली. त्या होडीतून आत जाऊन ते कोयत्याने जलपर्णी तोडायचे आणि आम्ही ती दोराने काठावर ओढायचो.

त्या रविवारी बाकीचे सगळे भरलेली ट्रॉली रिकामी करायला वर गेले होते. काठावर मी एकटी होते. मामा होडीच्या टोकाला उभे राहून कोयता चालवत होते. होडी एका बाजूला कलली आणि ते पडले. फारसा आवाजही झाला नाही. पानं हलली आणि पुन्हा जशीच्या तशी जुळली. तिथे माणूस होता असं सांगून कुणाला पटलं नसतं.

मी काठावरचा दोर उचलला. मग पानांतून एक हात वर आला, त्यामागे काळ्या गाळाने माखलेलं डोकं. मी दोर फेकला. कमी पडला. पुन्हा फेकला, तोही अलीकडेच पानांत अडकला.

"इकडं ये," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "पयले बूट काढ. उभी ऱ्हाऊ नगंस. आडवी पड आन् सरकत ये."

"मला पोहता येत नाही, मामा."

"ह्यात कुणालाच येत न्हाई."

दोराचं एक टोक करंजाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं मनगटाला गुंडाळलं आणि मी जलपर्णीवर पालथी पडले. ती गादीसारखी दबली. थंड पाणी छातीशी आलं. खालून बुडबुडे येत होते, सडक्या अंड्यासारखा वास येत होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. पायाला काहीतरी गुळगुळीत लागलं, तेव्हा मी थिजलेच. मामांनी हात पुढे केला. मग मी पुन्हा सरकले.

दोर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो काखेखालून बांधून घेतला. तेवढ्यात बाकीचे धावत आले आणि त्यांना ओढू लागले. मी मात्र तिथेच राहिले, हातात काहीच नाही. सगळे मामांकडे बघत होते. माझ्या पोटाखालची जलपर्णी हळूहळू खाली जात होती. पाणी हनुवटीला लागलं. हाक मारायला तोंड उघडायची माझी हिंमत होईना.

"आरं, ती पोरगी ऱ्हायली," काठावर पडल्या पडल्या मामाच म्हणाले. मग मला दोर मिळाला.

मामांच्या पोटात बरंच पाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला, उलट्या थांबेनात. त्यांच्या सुनेने मला फोन केला. आम्ही दोघींनी त्यांना पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कसलं होतं?" आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं: कुठकुठले धातू, कसलं तेल, किती मैला.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्या नदीचं पाणी मी आधीच तपासलं होतं. कंपनीच्या प्रयोगशाळेत, कुणालाही न विचारता. निकाल बघून मी घाबरले आणि गप्प बसले. नोकरी जाईल असं वाटलं. आपल्याबरोबर गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या माणसांनाही मी काही सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी मामांचा ताप उतरला. त्यांच्या खाटेशी बसून मी हे त्यांना सांगितलं.

"पानी वंगाळ हाय ते आमाला बी म्हाईत हाय," ते म्हणाले. "नाकाला कळतं. पर कागदावर लिवलेलं तुझ्याकडं व्हतं. का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले."

ते माझ्याकडे वळले. "आता सांग सगळ्यांस्नी," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी सांगितलं. तिघांनी येणं बंद केलं. मी त्यांना दोष देत नाही. उरलेल्यांनी लांब हातमोजे आणि लाइफ जॅकेट आणली. नदीत सोडलं जाणारं सांडपाणी थांबवा, असा अर्ज आम्ही सगळ्यांनी सह्या करून सरकारी कचेरीत दिला. माझी सही वाकडी आली. न विचारता पाणी तपासलं म्हणून कंपनीत साहेबांनी बोलावून समज दिली. नोकरी राहिली, पण त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्या केबिनचं दार उघडलं की मी हातातलं काम टाकून तिकडे बघायचे.

उन्हाळ्यापर्यंत गावच्या घाटापुढचा नदीचा पट्टा मोकळा झाला. कितीतरी वर्षांनी तिथे उघडं पाणी दिसलं. त्यावर उन्हाची तिरीप पडली होती. सगळे फोटो काढत होते. तेव्हा घाटाच्या पायऱ्या उतरून एक बाई आली. तिने चपला काढल्या, पाण्याला नमस्कार केला आणि ओंजळ भरली.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "ताई, तोंडात घेऊ नका."

"का?" तिने ओंजळीत बघितलं. "चांगलं स्वच्छ तर दिसतंय."

तेव्हा कुठे मला कळून चुकलं. जलपर्णी होती तोवर कुणी पाण्याजवळ येत नव्हतं. ती काढून आम्ही वाट मोकळी केली होती, पाणी मात्र तेच होतं. मी तिला समजावत राहिले आणि तिच्या खांद्यावरून बघितलं, तर अजून दोघीजणी कळशा घेऊन पायऱ्या उतरत होत्या.